दिवसा सांगितलेली गोष्ट

भावनगर, १६ जानेवारी १९७८

पूज्य बा,

दीड वर्षानंतरचं हे पहिलं पत्र. त्यात तुझी तब्येत, आश्रमशाळा, कच्छची थंडी यांतलं काहीच विचारत नाहीये, त्याचा राग मानू नकोस. मला एकच विचारायचं आहे. दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आपल्याकडे म्हणतात. तर चुकतो तो कुणाचा मामा? सांगणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?

माझ्या प्रबंधात यावर तीन ओळींची तळटीप आहे. तिच्यात 'लोकभ्रम' हा शब्द आहे, पण मामा कुणाचा ते नाही. मग इतकी वर्षं बालसाहित्याचा काय अभ्यास केलास, असं तू म्हणशीलच.

निमित्त असं झालं. शुक्रवारी घोघ्याच्या शाळेत माझा आदर्श पाठ होता. मागच्या भिंतीला टेकून अध्यापन मंदिरात शिक्षिका व्हायला शिकणाऱ्या आपल्या मुली बसल्या होत्या, पुढे चौथीची पोरं. तिसरा तास, बाहेर लख्ख ऊन. गोष्ट मीच रचलेली. एका बहिणीचा भाऊ गलबत घेऊन दूरदेशी जातो. बहीण रोज किनाऱ्यावर दिवा ठेवते, म्हणजे त्याला परतीची वाट दिसेल. आणि दर्यात राहणारी एक म्हातारी तो दिवा विझवायला टपलेली असते. म्हातारीने फुंकर मारली, दिवा विझला, आणि तिथे मी पुस्तक मिटल्यासारखे हात मिटले. "आता पुढे काय झालं, ते उत्तरायणाच्या पतंगांच्या सुट्टीनंतर तुम्ही मला सांगायचं."

हीच माझी अधुऱ्या गोष्टीची पद्धत. मुलांनी आणलेले शेवट गोळा करायचे, त्यांतून भीतीला मूल कसं सामोरं जातं ते तपासायचं. बडोद्याच्या परिसंवादात वाचायचं आहे. तुझे नियम विसरलेले नाही. दिवा लागल्याशिवाय गोष्ट सुरू करायची नाही, आणि सुरू केलेली त्याच बैठकीत संपवायची. वसतिगृहातल्या मुली तुला पाठीमागे दिवाबत्तीबेन म्हणायच्या. पोटची मुलगी असून मीही म्हणायची.

आज शेवट गोळा करायला गेले. झकास निघाले. एकाने पतंगाच्या मांज्याने म्हातारीचं नाक कापलंय. एकीने भावाला घरी आणून गाठिया खायला बसवलंय, आणि गाठियाबरोबर मिरची होती की नाही यावर अर्धं पान लिहिलंय. फक्त कंकू नावाच्या एका मुलीने काही आणलं नव्हतं. खारव्याची, दर्यावर्दी घरची पोर, आठ वर्षांची. तिने उलट मलाच विचारलं, "बेन, दिवसा गोष्ट झाली की मामा चुकतो ना? सांगणाऱ्याचा चुकतो का ऐकणाऱ्याचा?" मी म्हटलं, तसं काही नसतं, बस. ती बसली.

नंतर तिथल्या मास्तरांनी सांगितलं. तिला बाप नाही. ती आणि तिची आई मामाकडेच राहतात. तो मामा, देवशी, कांदा घेऊन मुंबईला गेलेल्या गलबतावर आहे. उत्तरायणाच्या आधी गलबत परतायचं होतं, ते आलेलं नाही.

घाबरण्यासारखं काही नाही. गलबतांना उशीर होतोच. मला फक्त संदर्भासाठी हवं आहे. उलट टपाली कळव.

तरुलता

ता.क. संदर्भासाठी नकोय. ती खाली बसली ती खिडकीतून दर्याकडे तोंड करून. ते डोळ्यांपुढून हलत नाही.


भावनगर, २० जानेवारी

बा,

तुझं उत्तर नाही. माझं पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि तू ते उशीखाली ठेवलं असशील. आज जे लिहिते आहे ते मात्र उशीखाली ठेवू नकोस.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. कंकूने विचारलं तेव्हा मी नुसतं 'बस' म्हटलं नाही. मी हसले. इतकंच नाही, मागे बसलेल्या आपल्या मुलींना म्हटलं, "बघा, हा जिवंत लोकभ्रम, लिहून घ्या." त्यावर मुली हसल्या आणि मग सगळा वर्ग हसला. दीड वर्षापूर्वी बडोद्याला त्या सभेत तुझ्या नियमांवर बोलताना मी हाच शब्द वापरला होता, आणि तेव्हाही सगळे हसले होते. तू तिसऱ्या रांगेतून पिशवी उचलून निघून गेलीस. कंकूला उठून जायची सोय नव्हती.

काल दुपारी तिची आई लाखुबेन घोघ्याहून इथे आली. अध्यापन मंदिराच्या फाटकात उभं राहून तिने माझं नाव घेतलं. शिपाई म्हणाला, तास चालू आहे. ती म्हणाली, "तासच बंद करायला आलेय मी."

मी बाहेर गेले. ती म्हणाली, "बेन, तुमची गोष्ट परत घ्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दिली तशी परत घ्या. पोरीने चार दिवस अन्नाला शिवलं नाही. कंदील उराशी धरून बसते. विचारलं तर म्हणते, मी ऐकली म्हणून मामा चुकला. भाऊ माझा दर्यात, पोर माझी अशी. मी कुणाकुणाच्या नावाने रडू? शिकलेली माणसं तुम्ही! अर्ध्यात सोडून सुट्टीवर जाता?"

 अंगावरच्या साडीनिशी तिच्याबरोबर बसमध्ये बसले. तू सहलीच्या मुलींना घोघ्याच्या बसमध्ये बसवायचीस आणि स्वतः स्टँडवरून परत यायचीस, ते वाटेत आठवलं. घोघा तुझं आजोळ, आणि मी तुला तिथे कधी गेलेली पाहिली नाही. एसटी लागते म्हणायचीस.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. घर उघडं होतं. कंकू नव्हती, कंदीलही नव्हता.

ओहोटीला तिथे काय होतं ते आजोळच्या माणसाला मी काय सांगू. पाणी दिसेनासं होतं आणि चिखल लांबवर उघडा पडतो. आणि भरती येते ती चालत येत नाही, धावत येते. त्या चिखलात, खूप आत, कंदिलाचा एक पिवळा ठिपका होता. 

लाखुबेन ओरडत सुटली. "अगं ए मेले, मागे फीर! टंगडी मोडीन तुझी!" प्रत्येक हाकेला तो ठिपका आणखी पुढे जाई. जेटीवरचे हुसेनकाका खांद्यावर फळी घेऊन आले. खारवे अशा चिखलात फळीवर पोट टेकून सरकतात. ते म्हणाले, "मी जातो, पण वेळ लागेल. तेवढा वेळ तिला एका जागी उभी ठेवा. पुढे खाडीचा चर आहे." लाखुबेनने माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. "तुम्ही बोला! तुमचंच ऐकते ती!"

मी ओरडून म्हटलं, "कंकू, पुढची गोष्ट ऐक!"

ठिपका थांबला.

बा, मी टिपणं हातात नसताना कधी गोष्ट सांगितलेली नाही. काय बोलले ते नीट आठवतही नाही. बहीण उठली, म्हटलं. गारगोट्या शोधायला गेली, म्हटलं. पहिली गारगोटी ओली निघाली, दुसरी फुटली, तिसरी म्हातारीने लपवली. गोष्ट संपली तर ती चालायला लागेल, म्हणून मी ती संपू देत नव्हते. आयुष्यभर गोष्टी मध्येच तोडायला शिकवणारी मी, घसा फाटेपर्यंत एकच गोष्ट ओढत होते. पाण्याचा आवाज यायला लागला होता. हुसेनकाकांची फळी मुंगीच्या चालीने सरकत होती.

मग तिकडून बारीक आवाज आला. "बेन, भाऊ आला का?"

मी म्हटलं, "दिवा लागला. लांबून त्याला दिसला."

"पण आला का?"

हुसेनकाकांचा हात तिच्यापर्यंत पोचतच होता. मी ओरडले, "आला!"

त्यांनी तिला उचललं. ती दोघं काठावर आली तेव्हा मागच्या जागेवर पाणी होतं. कंकू माझ्याकडे बघून हसली आणि आईला म्हणाली, "बा, मला भूक लागली."

आता खरी भीती ऐक. तो आला, असं मी तिला सांगून बसले आहे. आणि गलबताचा पत्ता नाही.

तरु


घोघा, २३ जानेवारी

बा,

मी इथेच राहते आहे, शाळेच्या मास्तरांच्या घरी. मंदिरात रजेचा अर्ज दिला. प्राचार्य ओझासाहेब म्हणाले, "बालसाहित्यासाठी रजा? तुम्ही तर तेच शिकवता ना?" मी अर्ज टेबलावर ठेवून निघाले. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

रोज दिवेलागणीला कंकूच्या ओट्यावर बसते आणि गोष्ट सांगते. पूर्ण. दिवा लागल्यावर सुरू, जेवणाआधी संपलेली. हस, हवं तेवढं हस. तिची अट आहे ती. ती जेवते आहे. तिने मामाच्या वाट्याची भाकरीही वेगळी काढायला लावली आहे, कारण 'आला' म्हणजे रस्त्यात आहे, असा तिचा हिशेब. रोज ती भाकरी सकाळी कुत्र्याला जाते. लाखुबेन माझ्याकडे बघते आणि मी दुसरीकडे बघते.

काल मी ठरवून विषय काढला. म्हटलं, "हे बघ कंकू, मी कितीतरी वर्षं दिवसा गोष्टी सांगते. माझा मामा कुठे चुकलाय? राजकोटला आहे, ढेरी सुटलीये, सकाळ-संध्याकाळ फाफडा खातो."

तिने विचार केला. "तुमच्या मामाला दर्या नाही ना, बेन. राजकोटला चुकला तर कुणीही घरी आणून सोडेल."

आता या तर्काला माझ्या प्रबंधात काय उत्तर आहे?  मग तिने विचारलं, "खरंच चुकलेला मामा कुणाचा असतो?"

मी सहज बोलून गेले, "माझ्या बाचा."

तोंडातून निघाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. तुझ्या वेलजीमामांचं नाव आपल्या घरी कधी कुणी काढत नाही. मला एवढंच ठाऊक की ते घोघ्याहून गलबतात बसून झांझिबारला दुकानात नोकरीला निघाले आणि पोचले नाहीत. तू लहान होतीस.

कंकू माझ्या जवळ सरकली. "तुमच्या बाने दिवसा गोष्ट ऐकली होती?"

मी 'नाही' म्हणणार, तोच मला एक दुपार आठवली.

बा, मी लहान असताना एकदा दुपारी तुझ्या मांडीत येऊन गोष्टीचा हट्ट धरला होता. तू मला मारलंस. तू कधी कुणाला मारत नाहीस, म्हणून ते लक्षात राहिलं. मारून तू मोरीत गेलीस आणि किती तरी वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी समजत होते, मला शिस्त लावायची होती. पुढे समजत होते, ही तुझी अध्यापनपद्धती. मग तिला मी लोकभ्रम म्हटलं. तिन्ही वेळा मी ढ निघाले.

तू किती वर्षांची होतीस? कुणी सांगितली होती ती गोष्ट? वेलजीमामांनीच का?

कंकूला मी म्हटलं, ठाऊक नाही गं. ती म्हणाली, "ऐकली असणार. विचारा त्यांना. त्यांना कुणी विचारलंच नसेल."

तरु


घोघा, २५ जानेवारी

बा,

बातमी आली. गोपनाथच्या पुढे गलबताची डोलकाठी आणि फळ्या किनाऱ्याला लागल्या. त्यावरचा एकच माणूस जिवंत आहे, महुव्याच्या दवाखान्यात. त्याने सांगितलं, देवशी पहिल्या लाटेतच गेला.

देवशीचे चुलतभाऊ किनाऱ्याने शोधायला गेले आहेत. ती माणसं परत येईपर्यंत घरात रडणं काढायचं नाही, असा यांच्यात रिवाज आहे. म्हणून लाखुबेन पदराचा बोळा तोंडात धरून भाकरी थापते. कंकूसमोर कुणी काही बोललेलं नाही. तिने आजही मामाची भाकरी वेगळी काढली.

लाखुबेन मला मागच्या दाराला घेऊन गेली. आवाज अगदी खाली होता. "बेन, तो आला असं तुम्ही सांगितलंत. नाही आला, हेही तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही. मी सांगितलं तर ती म्हणेल, माझ्यामुळे. आणि मला भीती वाटते, मीपण एखाद्या दिवशी रागात तसंच म्हणेन. पोरीला मी तसं म्हटलं, तर ती परत चिखलात जाईल."

मी हो म्हटलं. माणसं परवा-तेरवा येतील. तोवर माझ्या हातात वेळ आहे.

आता जे लिहिते ते या गावात मी कुणालाही सांगितलेलं नाही, आणि कंकूच्या कानावर तर कधीच जाऊ नये. बातमी घेऊन आलेल्याला मी एकटं गाठून विचारलं, लाट कधी आली असं वाचलेला माणूस म्हणतो. तो म्हणाला, उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. ऊन डोक्यावर यायच्या जरा आधी.

तो माझा तिसरा तास होता, बा.

मला ठाऊक आहे हा योगायोग आहे. लाट माझ्या वेळापत्रकावर चालत नाही. पण हे ऐकल्यापासून मी मिनिटामिनिटाचा हिशेब करत बसते.  माझ्या तोंडातून 'दिवा विझला' हे शब्द निघाले तेव्हा तिकडे काय चाललं होतं, हे मनात येतं आणि मी उठून उभी राहते. एवढी शिकलेली, चाळिशीला टेकलेली बाई मी. आणि तू तेव्हा किती, आठ? नऊ? तू हा हिशेब किती वर्षं करते आहेस? त्याच्यासकट तू शिकलीस, शिकवलंस, शेकडो मुलींना दिवा लावायला लावलास. आणि मी भरसभेत माईक धरून त्याला लोकभ्रम हे नाव ठेवलं.

मी माफी नंतर मागेन. आत्ता मला मदत हवी आहे. वेलजीमामांची बातमी आली तेव्हा तुला कुणी काय सांगायला हवं होतं? कुणी सांगितलं असतं तर ते ओझं गेलं असतं? एवढं मला कळव. बालसाहित्याच्या साऱ्या पुस्तकांत मी शोधलं, कुठेही नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक असणार?

मला फार भीती वाटते. पत्राला वेळ लागेल, तार कर.

तुझी तरु


घोघा, २८ जानेवारी

बा,

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी भावनगरच्या स्टँडवर तुझ्या हातात देईन. तोंडाने बोलायला गेले तर आपण दोघी पहिल्या वाक्यालाच भांडायला लागू, किंवा रडायला. घोघ्याच्या बसमध्ये हे वाच.

तुझी तार आज मिळाली. पोस्टमनने ती दोनदा वाचून दाखवली, कारण मला पहिल्यांदा खरं वाटलं नाही. 'थांब. रविवारी सकाळी येते. तिला दिवसा सांगू. बा.'

दिवसा.

मी तार घेऊन किनाऱ्यावर जाऊन बसले. तू हे लिहिताना तुझा हात कसा चालला असेल, याचा विचार करत राहिले. तू बरोबर आहेस. रात्री सांगितलं तर ती समजेल की दिवसाला घाबरायचं ते खरंच होतं.

माणसं आज परतली. देवशी मिळाला नाही. लाखुबेन म्हणते, तुमच्या बा येईपर्यंत आणखी एक दिवस मी पदर चावीन. उद्या शाळेची सुट्टी आहे. मास्तरांनी वर्गाची किल्ली दिली आहे. पण मला वाटतं आपण ओट्यावरच बसावं, भर उन्हात, दर्या समोर दिसेल असं. सुरुवात मी करते. मी म्हणेन, मी तुला खोटं सांगितलं, तो आला नाही. पुढचं मला येत नाही. ते तुझं.

लाटेच्या वेळेचं तू आणि मी दोघीच जाणतो. ते आपल्यातच राहू दे.

आणि बा, या वेळी स्टँडवरून परत फिरू नकोस. एसटी लागली तर मी लिंबू आणलं आहे. तरीही पाय उचलला नाही तर तिथेच बसू, पुढची बस असते.

माझी बा येणार आहे, एवढंच मी कंकूला सांगितलंय. तिने विचारलं, "मामा चुकलेली ती?" मी हो म्हटलं. ती कंदिलाची काच पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "मग त्यांना इथे भीती वाटेल, बेन. त्यांना माझ्याजवळ बसवा. मी हात धरीन."

तरु